आधी फिजिओ, मग ट्रॅक: विद्यापीठाच्या अ‍ॅथलेटिक्ससाठी माजी विद्यार्थ्यांनी निधी उभारावा का?

माणदेशी

आमच्या विद्यापीठाच्या माजी खेळाडूंच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सध्या एकच विषय चालू आहे: सगळ्यांनी मिळून विद्यापीठाला सिंथेटिक ट्रॅक करून द्यायचा. पैसे जमवायलाच हवेत, याबद्दल माझं दुमत नाही. फक्त ते ट्रॅकमध्ये घालू नयेत असं मला ठामपणे वाटतं.

आठ लेनचा 400 मीटरचा ट्रॅक म्हणजे काही कोटींचं काम. पुढे आठ-दहा वर्षांत वरचा थर उखडून नवा टाकायचा, त्याला पुन्हा मोठी रक्कम लागते. उद्घाटनाला सगळे हजर असतात, देखभालीच्या वेळी कुणी फिरकत नाही.

आणि पोरांचं अडतं ते दुसरीकडेच. आंतरविद्यापीठ स्पर्धा जवळ आली की निवड चाचणी, आठ-दहा दिवसांचं शिबिर, ट्रॅकसूटवाटप, प्रवास-दैनिक भत्त्यावर (टीए-डीए) सह्या आणि रेल्वेचा प्रवास. याला आपण प्रशिक्षण म्हणतो. बाकीचं वर्ष पोरगी आपल्या तालुक्याच्या कॉलेजच्या मैदानावर एकटी पळते. चुन्याच्या फक्कीने आखलेल्या लेन पहिल्या पावसात वाहून जातात. नडगी ठणकायला लागली तर बाम चोळ आणि पळ, एवढाच सल्ला मिळतो. दोन महिन्यांनी ती लंगडत घरी जाते आणि मग लग्नाचं बघायला सुरुवात होते. अशा किती जणी मी पाहिल्यात.

म्हणून माझा प्रस्ताव असा: वर्षभर पगारावर दोन प्रशिक्षक, एक धावण्याचा आणि एक उड्या-फेकीचा. एक पूर्णवेळ फिजिओ. आणि वसतिगृहातल्या खेळाडूंच्या ताटात रोज अंडी, दूध, उसळ पडेल एवढा मेसचा जादा खर्च. ललिता बाबर आमच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळ्यांवरून उड्या मारत पळायची लांब शर्यत) अंतिम फेरीत ती दहावी आली. तिच्यासारखी दुसरी मुलगी या क्षणी कुठल्यातरी कॉलेजात असेल आणि तिच्या दुखण्याकडे बघायला कुणी नसेल. मला हे सहन होत नाही.

हिशेबनीस

भावना पटते, मार्ग पटत नाही. प्रवेश घेताना प्रत्येक विद्यार्थी क्रीडा शुल्क भरतो. कधी मैदानावर पाऊल न ठेवणारासुद्धा भरतो. त्यातला ठरलेला हिस्सा विद्यापीठाकडे जातो. लाखांनी विद्यार्थी असतात, म्हणजे ही रक्कम किरकोळ नाही. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात क्रीडा संचालकाचं पद आहे. मग प्रशिक्षकाच्या पगारासाठी माजी विद्यार्थ्यांनी झोळी का फिरवायची?

अशा वेळी हमखास खाशाबा जाधवांचं उदाहरण निघतं, म्हणून आधीच सांगतो. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकला कुस्तीसाठी जायला पैसे नव्हते. त्यांनी लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. खर्डेकरांपुढे मी हात जोडतो. पण ज्यांचं काम होतं त्यांनी ते केलं नाही, म्हणून त्यांना घर गहाण ठेवावं लागलं. आज आपण वर्गणी काढली की विद्यापीठ पुढच्या अर्थसंकल्पात क्रीडा विभागाची तरतूद निवांतपणे कापेल. ‘माजी विद्यार्थी देतात की’ हे वाक्य मी विद्यापीठाच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) ऐकायला तयार नाही.

फिजिओ_करवीर

मी याच कामात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पळणाऱ्यांची नडगी दुखते याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात: सराव एकदम वाढवणं, झिजलेले बूट, कडक जमीन, पोटरी आणि नितंबाच्या स्नायूंची कमजोरी. वेळेत लक्ष दिलं, पळणं कमी करून व्यायाम दिले, तर काही आठवड्यांत खेळाडू परत उभा राहतो. दुर्लक्ष केलं तर हाडाला बारीक तडा जातो आणि अख्खा हंगाम बुडतो. मुलींच्या बाबतीत पुष्कळदा रक्तात लोह कमी असतं, खाणं अपुरं असतं, पाळी अनियमित झालेली असते. यातलं काहीच कुणी विचारत नाही. पुरुष प्रशिक्षकाशी बोलायला मुली संकोचतात.

मागे एक लांब उडीवाली माझ्याकडे आली, मांडीच्या मागच्या स्नायूला घट्ट क्रेप बँडेज गुंडाळून. शिबिरातल्या कुणीतरी बांधून दिलं होतं आणि त्याच दिवशी तिने पूर्ण जोरात उड्या मारल्या होत्या. स्नायू आणखी फाटला. त्या मैदानावर जाणकार माणूस असता तर तिला त्या दिवशी बसवलं असतं. याला कोटी लागत नाहीत. एक टेबल, बर्फ, टेप, रबरी पट्टे, थोडी वजनं आणि रोज संध्याकाळी मैदानावर हजर असणारी व्यक्ती पुरते. हजर असणारी, हे महत्त्वाचं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाहुणा बोलावून उपयोग नाही.

कॅन्टोन्मेंटकर

मुळात विद्यापीठाने उच्च दर्जाचं प्रशिक्षण देण्याच्या भानगडीत पडावंच का? धावपटू अविनाश साबळे बीडचा, घडला सैन्यात. पुण्यात 2001 पासून आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे. तिथे प्रशिक्षक, डॉक्टर, आहार सगळं एका छपराखाली. नेमबाज स्वप्नील कुसाळे नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीतून (राज्य सरकारची निवासी क्रीडाशाळा) आला, मग रेल्वेत लागला आणि 2024 मध्ये पॅरिसला कांस्य जिंकला. आपला पैसा प्रबोधिनीला द्या, सार्थकी लागेल. विद्यापीठाने पोरांना डिग्री नीट द्यावी.

आणि विद्यापीठं अगदीच मागे नाहीत. 2020 मध्ये भुवनेश्वरला पहिली खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स झाली, त्यात पुणे विद्यापीठाची सुवर्णपदकं पंजाब विद्यापीठाएवढीच होती, 17. रौप्यपदकांवर पहिला क्रमांक हुकला.

माणदेशी

त्या 17 मध्ये जलतरणाचा वाटा मोठा होता. पोहणारी मुलं लहानपणापासून क्लबात शिकतात, खर्च आईबाप करतात. विद्यापीठाचा झेंडा शेवटी मिळतो. धावपटूचे आईबाप ऊसतोडीला जातात, त्यांच्याकडून ही अपेक्षा कशी करणार?

आणि सैन्यात भरती होईल तो होईल. प्रबोधिनीत लहान वयात निवड होते. अठराव्या वर्षी कॉलेजात आल्यावर पहिल्यांदा स्पाईक्स (पळण्याचे खिळ्यांचे बूट) घालणारीने कुठे जायचं? तिच्यासाठी विद्यापीठ हीच शेवटची जागा आहे.

बे_एरियाकर

मी कॅलिफोर्नियात असतो. इथली विद्यापीठं माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांवर खेळ चालवतात, म्हणून भारतातले मित्र मला हाच नमुना सुचवतात. त्याची दुसरी बाजूही बघा. जुलै 2020 मध्ये स्टॅनफर्डने 11 खेळ बंद करण्याचं जाहीर केलं. त्यात कुस्ती होती, पुरुषांचं व्हॉलीबॉल होतं. ते कायमचे टिकवायला 20 कोटी डॉलरच्या वर निधी लागेल, असं विद्यापीठाचं म्हणणं होतं. स्टॅनफर्डसारखं श्रीमंत विद्यापीठ, तरी ही गत! माजी खेळाडूंनी मोहीम उघडली, पैशांची वचनं गोळा केली, कोर्टात गेले, आणि मे 2021 मध्ये निर्णय मागे घ्यायला लावला.

माझ्या मते यातून दोन्ही बाजूंना घेण्यासारखं आहे. देणगीदारांच्या मर्जीवर चालणारा खेळ कधीही बंद पडू शकतो. आणि संघटित माजी खेळाडू नसते तर ते 11 खेळ गेलेच होते. माझा कल निधीच्या बाजूने आहे, पण मुद्दल बँकेत राहावं आणि व्याजावर पगार व्हावेत. दरवर्षी नव्याने हात पसरायची वेळ येता कामा नये.

सीए_सांगली

व्याजावर दोन प्रशिक्षक आणि फिजिओ ठेवायचे तर मुद्दल बरंच मोठं लागेल. सुरुवातीला तीन वर्षांच्या पगाराची रक्कम हातात ठेवून करार करावेत आणि मुद्दल बाजूला हळूहळू वाढवत न्यावं.

कंपन्यांचा विचार करा. कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली ठराविक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. कंपन्यांचे असे पैसे घेणाऱ्या संस्थेची त्यासाठीची सीएसआर-1 नोंदणी हवी. वैयक्तिक देणगीदारांना प्राप्तिकरात सवलत आहे, पण नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती सवलत मिळत नाही आणि 2000 रुपयांवरच्या रोख देणगीलाही नाही. हे आधीच सांगा, मार्चमध्ये भांडणं नकोत.

हिशेबनीस

सीए साहेबांचं ऐकून माझा विरोध थोडा सौम्य झाला, संपला नाही. क्रीडा शुल्काचे किती जमा, किती खर्च, कशावर, याची मागच्या पाच वर्षांची माहिती मागणारा अर्ज मी सोमवारी जन माहिती अधिकाऱ्याकडे टाकतोय. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. आकडे हाती आल्याशिवाय मी एक रुपया देणार नाही आणि इतरांनाही देऊ नका म्हणेन.

माणदेशी

अर्ज जरूर टाका, मीही माझ्या नावाने दुसरा टाकतो. पण तेवढे दिवस मी थांबणार नाही. निवड चाचणी तोंडावर आली आहे. फिजिओ ताई, तुमच्या यादीतलं सामान आम्ही दहा-बारा जण या आठवड्यात घेतोय. संध्याकाळी मैदानावर कोण थांबू शकेल, तेवढं कळवा. मानधन महिन्याच्या महिन्याला मिळेल.