लोकलचा प्रवास पहिल्यांदाच रोजचा होणार आहे, नेमकं काय सांभाळायचं?

उशिराची_शिफ्ट:
पुढच्या महिन्यापासून नवी नोकरी, आणि जायला-यायला लोकलशिवाय दुसरा पर्याय नाही. आतापर्यंत ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर होतं, त्यामुळे गर्दीची सवय शून्य. सकाळी जाताना डबा खच्चून भरलेला आणि रात्री येताना जवळजवळ रिकामा, अशी दोन्ही टोकं वाट्याला येणार आहेत. घरात जो तो "सांभाळून जा गं" म्हणतोय, पण सांभाळून म्हणजे नेमकं काय करू, ते कुणी सांगत नाही. पाकीट-मोबाईलचं मला कळतं. फलाटावर कुठे उभी राहू, चढता-उतरताना काय बघू, गाडी मध्येच थांबली तर काय करू, ते सांगा. आणि हो, उंची कमी आहे, वरच्या हँडलला हात धड पुरत नाही.

सॅकवाला:
सॅक पाठीवरून काढून पोटाशी घ्या. चोरांमुळे नाही, ते आहेच, पण पाठीवरची सॅक दारात अडकते आणि मागचा माणूस तुमच्यासकट तिला ढकलतो.

निवृत्त_मोटरमन:
ताई, सगळी नोकरी मोटरमन म्हणून झाली. तुम्ही फलाटावरून गाडी बघता, मी गाडीतून फलाट बघत आलो, म्हणून थोडं लांबण लावतो.

डब्याच्या आत बसलेल्या माणसाची मला कधी फार काळजी वाटली नाही. धास्ती असायची ती फलाटाच्या कडेची आणि दाराची. गाडी फलाटाला लागते तिथून ती सुटेपर्यंतचा जेमतेम अर्धा मिनिट तुम्ही नीट सांभाळलात, तर पुढे खुशाल डुलकी काढा.

कडेला उभे राहणारे लोक रुळाकडे बघून अंदाज बांधतात. जगातल्या अर्ध्याहून जास्त लोहमार्गांवर दोन रुळांमध्ये १४३५ मिलिमीटरचं अंतर असतं, आणि डबा असतो साधारण तीन मीटर रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंना तो रुळाच्या बाहेर पाऊणेक मीटर आलेला असतो. वाकून "आली का गाडी" बघणाऱ्याला रूळ लांब दिसतो, पण डबा त्याच्या डोक्यापर्यंत पोचणार असतो. त्यातून विजेवरची गाडी समोरून येताना फारसा आवाज करत नाही. शेजारच्या रुळावर दुसरी गाडी धडधडत असेल, तर हिचा आवाज ऐकूच येत नाही. इयरफोन घालायचेच असतील तर डब्यात बसल्यावर घाला.

"मोटरमनला दिसतंय ना, मारेल ब्रेक" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. लोखंडी चाक, लोखंडी रूळ, पकड अशी ती किती असणार? ताशी ६० किलोमीटरच्या वेगात आपत्कालीन ब्रेक लावला तरी गाडी शंभर-दीडशे मीटर पुढे जाऊनच थांबते. रूळ ओले असले तर त्याहून पुढे. आणि स्टिअरिंग नावाची वस्तू आमच्यापुढे नसते.

आता फट. फलाट सरळ असेल तर ती सगळीकडे सारखीच असते. वळणावरच्या फलाटाचं मात्र वेगळं. फलाट वळतो, डबा वळत नाही. फलाट वळणाच्या बाहेरच्या अंगाला असेल, तर डब्याच्या मधल्या दारापाशी फट मोठी पडते. आतल्या अंगाला असेल तर टोकाच्या दारांपाशी. तुमच्या रोजच्या स्टेशनांवर पहिल्या आठवड्यात एवढं बघून ठेवा आणि त्याप्रमाणे दार ठरवा. उतरताना नजर मोबाईलवर नको, पायाखाली.

आपोआप बंद होणाऱ्या दारांवरही फार विसंबू नका. मधे हात किंवा खांदा आला तर दार पुन्हा उघडतं, पण ओढणीचं टोक किंवा बॅगेचा पातळ पट्टा त्याला कळेलच असं नाही. त्याच्या लेखी दार लागलेलं असतं, आणि गाडी सुटते. बंद होण्याची घंटी वाजली की पाऊल मागे. पट्टा अडकलाच तर ओढत बसू नका, बॅग सोडून द्या.

उशिराची_शिफ्ट:
काका, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. ओढणीचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि गाडी मध्येच थांबली तर?

निवृत्त_मोटरमन:
आत बसून राहायचं. लोक कंटाळतात, खाली उड्या टाकतात आणि शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी येते. काही ठिकाणी डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, तिला हात लावायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी ती ओढते. काही ठिकाणी वीज खाली, रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून जाते, ती तर बुटाखालीच. उतरायचं ते कर्मचाऱ्यांनी सांगितल्यावर आणि ते दाखवतील त्याच बाजूने.

साखळी किंवा बटण आहे म्हणून कुणाला चक्कर आली की लगेच ओढू नका. दोन स्टेशनांमध्ये गाडी उभी राहिली तर डॉक्टर तिथे पोचणार कसा? कित्येक नव्या गाड्यांत बटण दाबलं तरी मोटरमन गाडी पुढच्या फलाटापर्यंत नेतो, ती यासाठीच. दारात कुणी अडकलं असेल तर मात्र एक क्षणही विचार करू नका.

अधू_नजर:
काका बोलले त्यात एक भर. फलाटाच्या कडेची उंचवट्यांची पिवळी पट्टी ही नुसती रंगाची रेघ नव्हे. सेइइची मियाके नावाच्या जपानी गृहस्थांनी अंधांसाठी या फरशा तयार केल्या आणि १९६७ साली ओकायामात त्या पहिल्यांदा रस्त्यावर बसवल्या. गोल ठिपके पायाला लागले की थांबायचं, लांब रेघा लागल्या की त्या दिशेने चालायचं. मला कड दिसत नाही, बुटाच्या तळव्याला कळते. त्यावर कुणी ट्रॉली बॅग ठेवून गप्पा मारत उभं असलं की मला वळसा घालावा लागतो. कुठल्या बाजूने घालायचा, ते मला कळायला काही मार्ग नसतो. ताई, तुम्ही पट्टीच्या आत राहा आणि सामानही आत ठेवा.

सॅकवाला:
आणि समजा कुणी खाली पडलंच तर? मी तर उडी मारून काढीन बुवा.

निवृत्त_मोटरमन:
नका मारू. टोकियोत शिन-ओकुबो स्टेशनवर २६ जानेवारी २००१ ला एक माणूस रुळावर पडला, त्याला काढायला दोघं उतरले, आणि तिघंही गेले. त्यांच्या धाडसाबद्दल मला आदरच आहे. पण फलाटावर आपत्कालीन बटण असेल तर आधी ते दाबा, आरडाओरडा करा, आणि गाडी येते त्या दिशेला हात किंवा मोबाईलचा उजेड जोरजोरात हलवा. मोटरमनला तेवढी खूण पुरते. मोबाईल खाली पडला तर तो पडलेलाच राहू दे, स्टेशनवाल्यांना सांगा.

दाराशी_नाही_उभी:
उंचीबद्दल कुणीच बोललं नाही, मी पण पाच फुटांच्या आतलीच! हँडलचा नाद सोड. उभा दांडा किंवा सीटच्या कोपऱ्यावरची मूठ धर. गाडी ज्या दिशेला जातेय तिकडे तोंड करून उभी राहू नकोस, आडवी उभी राहा आणि पाय फाकव, म्हणजे एक पाय पुढच्या बाजूला, एक मागच्या. ब्रेक लागला की वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं, तू जात नाहीस. फारच चेंगराचेंगरी झाली तर दोन्ही हात कोपरात दुमडून छातीपुढे धर. श्वास घ्यायला तेवढी जागा राहते.

उतरायच्या एक-दोन स्टेशनं आधी दाराकडे सरकायला लाग, पण दाराला टेकू नकोस. रात्री दाराजवळच्या सीटवर फोन हातात घेऊन बसू नकोस, गाडी सुटता सुटता फोन ओढायचा आणि उतरून पळायचं, ही चोरांची जुनी युक्ती. रिकामा डबा मोकळा वाटतो, पण चार माणसं असलेला बरा. कुणी विनाकारण टक लावून बघत असेल तर पुढच्या स्टेशनला उतर आणि डबा बदल. तो खरंच वाईट होता का, याची खात्री करत बसू नकोस.

उशिराची_शिफ्ट:
सगळं लिहून घेतलंय. शेवटचं एक विचारते, रात्री कुठला डबा धरू? पुढचा की मागचा?

निवृत्त_मोटरमन:
मोटरमन पुढे असतो आणि गार्ड मागे, त्यामुळे दोन्ही टोकं चालतील. पण हल्ली बऱ्याच गाड्यांवर गार्ड नसतोच. तुमच्या गाडीवर नसेल तर पुढचा डबा. आणि लक्षात ठेवा, बहुतेक ठिकाणी गाडी टोकाला जाऊन फिरत नाही, तशीच उलटी निघते. म्हणजे सकाळी जो डबा पहिला असतो तोच रात्री शेवटचा होतो. डब्यावरच्या खुणेवर जाऊ नका, गाडी कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते बघा.