लोखंड्यांची ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ खरोखर कामगार संघटना होती का?

प्रश्न : नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेला ना वर्गणीदार सभासद होते, ना निधी, ना नियमावली, तरीही तिला भारतातील पहिली कामगार संघटना म्हणणे योग्य ठरेल का?

उत्तर : काटेकोर व्याख्येने नाही. मात्र ‘दीनबंधू’चे संपादक असलेल्या आणि स्वतः गिरणीत स्टोअरकीपर राहिलेल्या या सत्यशोधकाने हजारो कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले, तेव्हा ट्रेड युनियन कायदा यायला ४२ वर्षे अवकाश होता.

उत्तर : १८९० च्या एप्रिलमधील सभाही पाहावी. सुमारे दहा हजार कामगारांपुढे दोन स्त्री-कामगार बोलायला उभ्या राहिल्या (हा तपशील अनेकदा गाळला जातो) आणि १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

प्रश्नकर्ता : पटले, नियमावलीचा आग्रह सोडतो.