रोज घालायच्या अंगठीसाठी पाचू: आतले डाग चालतील का?

मीरा_के: पाचूची अंगठी करायची आहे, रोज बोटात राहणारी. दोन खडे बाजूला काढून ठेवलेत. एकात मधोमध शेवाळासारखं जाळं आहे. दुसरा बराच स्वच्छ, फक्त कडेशी केसाएवढी रेघ. दुकानदार म्हणतात, "पाचूत डाग असायचेच, आणि काठिण्य साडेसात ते आठ, काळजी कसली?" स्वच्छच घ्यावा ना?

पैलूवाला: मीराताई, मी खडे घासतो, विकत नाही. डागांचं ते बरोबर सांगतायत. ॲक्वामरीन हा निळसर खडाही पाचूसारखाच बेरिल या खनिजाचा, पण तो स्वच्छ मिळतो. तोच निकष पाचूला लावला तर हाती काही लागणार नाही. काठिण्याचं मात्र अर्धंच सांगितलंय. काठिण्य म्हणजे 1 ते 10 च्या मोजपट्टीवर ओरखडा किती सहज पडतो, एवढंच; आकडा जास्त तर ओरखडा कमी. आपटल्यावर काय होईल ते त्यातून कळत नाही. टोपाझ 8, तरी एका ठरावीक पातळीत घाव बसला की सरळ दुभंगतो. त्या पातळीला समांतर पैलू घेतला तर पॉलिशही धरत नाही, म्हणून आम्ही तो जरा तिरका घेतो. उलट जेड 6 ते 7, पण फोडता फुटत नाही.

आता ती रेघ. दहापट भिंगाखाली खडा दिव्यासमोर हळूहळू कलता करा, पृष्ठभागावरची चकाकी सरकू द्या. रेघेपाशी चकाकी तुटली तर चीर बाहेर उघडलेली आहे. अशा चिरांत तेल किंवा रेझिन भरतात, खडा स्वच्छ दिसतो तो बऱ्याचदा त्यामुळेच. तेल सुकलं की चीर पांढरट दिसायला लागते. शिवाय कडेलाच प्राँग, म्हणजे खडा धरून ठेवणारे धातूचे दात, दाबतात. मी असतो तर जाळंवाला घेतला असता, जाळं आतच थांबत असेल तर. (शेवाळी पाचू मला तसेही आवडतात, तेव्हा माझं मत थोडं सोडून द्या.)

निळाई: रोजचंच घालायचं तर नीलम किंवा माणिक का नाही? काठिण्य 9.

पैलूवाला: उत्तम पर्याय. फक्त माणकात शिशाची काच भरलेली नाही ना, ते बघा. खडा हलवताना चिरांत निळसर झाक चमकली, आत बुडबुडे दिसले, तर ठेवून द्या. ती काच लिंबाच्या रसानेही खराब होते. आणि नीलमात बारीक रेशमी सुया दिसल्या तर नाक मुरडू नका. त्या अखंड असतील तर खडा फार तापवलेला नाही असं समजा. जास्त उष्णतेत त्या विरघळतात.

मीरा_के: बघून आले. रेघेपाशी चकाकी तुटते. जाळंवाला ठरला. धुवायचा कसा?

पैलूवाला: कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. अल्ट्रासॉनिक (कंपनांनी धुणारं यंत्र) आणि वाफ अजिबात नको. कोंदण कडा झाकणारं, बेझेलचं करून घ्या. पैसे देण्याआधी प्रयोगशाळेचा अहवाल मागा. त्यात तेल किरकोळ, मध्यम की जास्त, ते लिहिलेलं असू द्या.