मदत हवी आहे: चीनमधलं साडेसहा हजार वर्षं जुनं पितळ, जस्त उडून कसं गेलं नाही?

मंडळी, मी पितळेच्या ओतकामात आहे, पुस्तकी शिक्षण फार नाही, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. पोराच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी चीनमध्ये तांबं गाळायला कधी सुरुवात झाली ते शोधत होतो, पोराचं झालं लिहून, मीच अडकून बसलोय.

चीनच्या गान्सू प्रांतात झांग्येजवळ शीचेंगयी म्हणून जागा आहे, साधारण ४००० वर्षांपूर्वीची, तिथे खनिज, स्लॅग (म्हणजे धातू गाळल्यावर उरणारा मळ), भात्याची नळी सगळं मिळालंय. म्हणजे तिथे दगडातून तांबं काढत होते, विषय संपला. माझं डोकं फिरवलंय ते शीआनजवळच्या जियांगझाईने. यांगशाओ काळातलं, म्हणजे साडेसहा हजार वर्षांपूर्वीचं गाव, तिथे एक अर्धगोल पत्रा आणि एक नळी सापडली, तपासलं तर चक्क पितळ, म्हणजे तांबं अधिक जस्त! पत्र्यात जस्त जवळजवळ पाव भाग.

आता हे मी रोज बघतो, जस्ताची ९०७ अंशालाच वाफ होते आणि तांबं वितळायला १०८५ लागतात, म्हणून आम्ही जस्त शेवटी टाकतो तरी भसाभसा पांढरा धूर निघतो आणि मुशीच्या काठावर कापसासारखी राख बसते. मग त्या लोकांनी ते धरून कसं ठेवलं?? का ते तुकडे सापडले तो मातीचा थरच नंतरचा आहे?

उत्तर १: थराबद्दल शंका घेणारे आहेत, पण चीनच्याच शानदोंग प्रांतात सानलीहेलाही पितळेचे दोन टोचे मिळालेत, म्हणजे हे एकटं नाही. तुमचा घोळ असा होतोय की तुम्ही वितळवायचं धरून चाललाय. तांब्याचं आणि जस्ताचं खनिज एकत्र कोळशात घालून हजाराच्या खालीच तापवलं तर तांबं घनच राहतं आणि जस्ताची वाफ त्यात मुरते. तिकडे प्रयोग करून बघितलेत. असं केलेल्या पितळात जस्त सगळीकडे सारखं नसतं, कुठे जास्त कुठे कमी, आणि जियांगझाईच्या तुकड्यांत तसंच दिसलंय.

धागाकर्ता: मुरते!! लोणच्यासारखं. धन्यवाद दादा, आता पटलं. ती पांढरी राख आम्ही झाडून टाकतो, ती म्हणजे जळालेलं जस्तच की. रविवारी भट्टी रिकामी असते, जुन्या मुशीत तांब्याचा कीस, ती राख आणि कोळशाची पूड घालून वर झाकण लिंपून ठेवतो, तोंडाला मास्क लावून. काय निघतं त्याचा फोटो टाकतो इथेच.