मदत हवी आहे : टॅबवर व्हॉट्सॲप जाईना, रविवारच्या आत चालू करायचंय

औसा_रोड
टॅबवर व्हॉट्सॲप टाकायचंय, जाईना. टॅबमधल्या ॲपच्या दुकानात शोधलं की भलतीच ॲपं दाखवायलंय. टॅब नवीन आहे, काही बिघाड नाही, ब्राउझरमध्ये यूट्यूब एकदम चांगलं चालतंय. आईसाठी पाहिजे, व्हिडिओ कॉल करायचाय. रविवारी रात्री घरचा कार्यक्रम आहे, त्याच्या आत झालंच पाहिजे. "दुसरा टॅब घ्या" एवढं सांगू नका. कुणी केलं असेल तर पायऱ्या सांगा.

रिपेरिंगवाला_उदगीर
कोणता टॅब? कंपनी, मॉडेल, अँड्रॉइड कितवं? सिम बसतं का नुसता वायफायचा? पेशंट न बघता गोळी कशी देऊ? व्हॉट्सॲपला किमान अँड्रॉइड ५.० लागतं, त्याच्या खालचा असेल तर खटपट करण्यात अर्थ नाही.

माहूरची_लेक
टॅबवर वेगळं खातं कशाला? फोनवर व्हॉट्सॲप उघडा, तीन ठिपके, लिंक्ड डिव्हाइसेस, आणि टॅबवरचा क्यूआर स्कॅन करा. एका फोनला चार उपकरणं जोडता येतात. मी सासूबाईंना असंच करून दिलंय. कॉलसुद्धा टॅबवर येतात. फक्त मूळ फोन १४ दिवसांतून एकदा तरी वापरात यायला पाहिजे, नाहीतर जोडणी तुटते.

गोदाकाठचा
भाऊ, जीबी व्हॉट्सॲप टाका. कुठल्याही टॅबवर चालतं, वर दोन नंबरही चालवता येतात. आमच्या गंगाखेडात निम्म्या पोरांकडे तेच आहे.

रिपेरिंगवाला_उदगीर
गोदाकाठचा, कृपा करून असलं सुचवू नका. ते मूळ कंपनीचं ॲप नाही. कुणीतरी आतलं बदलून सोडलेलं आहे, त्यात अजून काय घातलंय ते कुणी तपासलेलं नाही. नंबर बंद पडतो, मग लोक माझ्या दुकानात येऊन बसतात. म्हाताऱ्या माणसाच्या हातात तर अजिबात देऊ नका.

गोदाकाठचा
माझा नंबर कधीच बंद पडला नाही.

औसा_रोड
नवीन आहे म्हणलं ना. ८ इंची आहे, भावानं अमेरिकेहून पाठवलाय. सिमची जागाच नाही. गूगलचं प्ले स्टोअर नाही ह्यात, ॲमेझॉनचं दुकान आहे. आणि लिंक कशाला करू? आईकडे बटनाचा फोन आहे. त्यात व्हॉट्सॲप नाहीच.

रिपेरिंगवाला_उदगीर
आता कळलं. हा फायर टॅब आहे. ॲमेझॉन त्यात फायर ओएस ही स्वतःची सिस्टीम घालतं. मूळ अँड्रॉइडचंच, पण गूगलचं काहीच नाही. त्यामुळं वर सांगितलेलं निम्मं तुम्हाला लागू नाही. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस ऑप्शन्समध्ये जाऊन बघा, फायर ओएस ७ असेल तर खाली अँड्रॉइड ९ आहे, ८ असेल तर ११. दोन्हीवर व्हॉट्सॲप चालतंय.

कोडवाला_नांदेड
फायर टॅबवर आधी प्ले स्टोअर बसवा, मग सगळंच येतंय. चार फाइली लागतात आणि क्रम चुकवायचा नाही : गूगल अकाउंट मॅनेजर, सर्व्हिसेस फ्रेमवर्क, प्ले सर्व्हिसेस, शेवटी प्ले स्टोअर. चारही बसेपर्यंत एकही उघडू नका, मग टॅब बंद करून चालू करा. फाइली तुमच्या फायर ओएसच्या आवृत्तीच्या असल्या पाहिजेत, नाहीतर स्टोअर उघडून लगेच मिटतंय. खरं तर मी असतो तर फायर ओएस काढून लिनिएज ही दुसरी अँड्रॉइड सिस्टीमच टाकली असती, जाहिराती नाहीत, ॲमेझॉनचा पसारा नाही, टॅब पळतोय नुसता.

रिपेरिंगवाला_उदगीर
लिनिएज राहू द्या. फायर टॅबचा बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करणारा भाग, कुलूपबंद येतो, आणि रविवारी ह्यांच्या घरी कार्यक्रम आहे. चार फाइलींचीही गरज नाही. व्हॉट्सॲप स्वतःच्या साइटवर एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल देतं. सेटिंग्ज, सिक्युरिटी अँड प्रायव्हसी, ॲप्स फ्रॉम अननोन सोर्सेस, तिथं सिल्क ह्या टॅबमधल्याच ब्राउझरला परवानगी चालू करा. मग सिल्कमधून व्हॉट्सॲपच्या साइटवरून फाइल उतरवा, दाबा, इन्स्टॉल. झालं की ती परवानगी परत बंद करा, हे विसरू नका. ॲप जुनं झालं की चालायचं थांबतं. मग तिथूनच नवीन फाइल उतरवायची.

कोडवाला_नांदेड
प्ले सर्व्हिसेसशिवाय नोटिफिकेशन उशिरा येतात. कॉल वाजणार नाही वेळेवर. आईला वाजलेलंच कळलं नाही तर काय उपयोग?

निवृत्त_गुरुजी
नमस्कार. एवढा खटाटोप करण्यापेक्षा स्काइप वापरावे. माझा मुलगा जर्मनीत असताना आम्ही अनेक वर्षे त्यावरच बोललो. चित्र स्वच्छ, आवाज स्पष्ट.

माहूरची_लेक
गुरुजी, स्काइप ५ मे २०२५ ला बंद झालं. मायक्रोसॉफ्टनं लोकांना टीम्सवर जायला सांगितलं.

निवृत्त_गुरुजी
हे मला ठाऊक नव्हते, आभारी आहे. मग आईंसाठी टॅबवर अक्षरे मोठी करून द्यावीत. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये फॉन्ट साइझ असते. व्हॉट्सॲपची भाषा मराठी ठेवता येते. मराठी टंकलेखनासाठी जीबोर्ड हा कीबोर्ड उत्तम. ज्येष्ठांना अक्षर दिसले तर भीती निम्मी होते.

औसा_रोड
गुरुजी, आईला टाइप करायचं नाही. तिला फक्त तोंड बघायचंय लेकराचं. भावाला मुलगा झालाय टेक्ससला, रविवारी बारसं आहे. मी आत्या, इथं लातूरला. तिकडं सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडं रात्रीचे साडेनऊ. नाव आईनंच ठरवलंय. माझ्या फोनवर तिला दाखवलं असतं, पण मला त्या दिवशी गावाकडं जाता येणार नाही, ड्यूटी आहे. आणि माझ्या ६ इंची फोनवर तिला बाळ दिसत नाही, नुसतं "दिसलं दिसलं" म्हणती माझं मन राखायला. म्हणून भावानं टॅब धाडला.

एपीके टाकली आत्ता. टाकता आली!! पण उघडल्यावर क्यूआर कोड दाखवायलंय. तो कशानं स्कॅन करू?

गोदाकाठचा
ताई म्हणायला पाहिजे होतं, भाऊ म्हणलो. अभिनंदन बाळाचं.

माहूरची_लेक
टॅब ओळखून ते आधी जोडणीच विचारतंय. त्याच पडद्यावर वर तीन ठिपके असतात, त्यात नवीन खातं नोंदवायचं दिसतं. तिथं आईचा नंबर टाका. सहा आकडी कोड बटनाच्या फोनवर एसएमएसनं येईल. एसएमएस उघडता येत नसेल तर "कॉल मी" दाबा, फोन येऊन कोड बोलून दाखवतो. तुम्ही आईला फोनवर आधी समजावून सांगा, की हा कोड फक्त मलाच सांगायचा, नंतर कुणीही विचारला तरी नाही.

तुळजापूर_वाटेवर
थांबा. सिम नसलेल्या टॅबवर मुख्य खातं उघडू नका. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागानं आदेश काढलाय. ज्या सिमवर खातं आहे ते सिम त्याच उपकरणात चालू पाहिजे, नसेल तर ॲप चालू द्यायचं नाही. कंपन्यांना तेव्हा ९० दिवस दिले होते. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल, अरट्टाई, सगळे आले त्यात. वेब आवृत्ती दर सहा तासांनी लॉगआउट करायची, क्यूआरनं परत जोडायची. डिजिटल अटकेच्या फसवणुकी थांबवायला म्हणून हे केलंय. रविवारचं बारसं होऊन जाईल, पण आईचं बोलणं तर पुढंही चालायचंय ना? बटनाच्या फोनात सिम आणि टॅबमध्ये खाते, हा जोड त्या नियमात बसत नाही.

कोडवाला_नांदेड
ह्याला उपाय म्हणजे अरट्टाई. झोहोचं आहे, आपलं स्वदेशी. टीव्हीवरसुद्धा चालतंय.

तुळजापूर_वाटेवर
आदेशात अरट्टाईही आहे, वर लिहिलंय मी. आणि टेक्ससमधल्या भावाला आणि वहिनीला नवीन ॲप घ्यायला लावायचं ते वेगळंच. नंबरच नको असेल तर झूम बघा, लिंक दाबली की झालं. फुकटात ४० मिनिटांची मर्यादा आहे. बारशाला पुरतंय तेवढं.

गोदाकाठचा
४० मिनिटांत कुठलं बारसं होतंय हो. पाळणा म्हणायलाच तेवढा वेळ लागतो.

रिपेरिंगवाला_उदगीर
सगळे ॲपावर भांडायलेत, एक गोष्ट कुणी विचारलीच नाही. ताई, गावाकडं आईकडं नेट कुठलं आहे? बटनाच्या फोनातून टॅबला नेट कसं देणार?

औसा_रोड
चुलतभावाकडं वायफाय आहे शेजारी, भिंतीला भिंत आहे. पण तो रात्री आठलाच बंद करून झोपतो. बोलावं लागंल त्याला.

परभणीकर
आमच्याकडं बीएसएनएलचं स्वदेशी ४जी चालू झालंय, २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर उद्घाटन झालं त्याचं. तेच सिम घ्या. तुमच्या गावात टॉवर आहे का?

गोदाकाठचा
गावागणिक वेगळं असतंय ते. आमच्या वस्तीवर एका कंपनीची दांडी येती तर शेजारच्या मळ्यात दुसरीची. आधी कुणाच्या तरी फोनवरून बघा आणि मगच सिम घ्या.

परभणीकर
बरोबर आहे, पण दांडी दिसती म्हणून नेट येतंच असं नाही. व्हिडिओ लावून बघा, नुसता फोन लावून कळत नाही.

रिपेरिंगवाला_उदगीर
बटनाचा फोन काढून घेऊ नका आईकडचा. तिला त्याची सवय आहे, बोटाला त्याची बटनं माहीत आहेत, तो तसाच राहू द्या. घरात जुना स्मार्टफोन पडलाय का? काच फुटलेला चालंल, फक्त अँड्रॉइड ५ च्या वरचा आणि चार्जिंग घेणारा पाहिजे. त्यात नवीन सिम टाका आणि त्या सिमवर व्हॉट्सॲप उघडा. हॉटस्पॉट चालू करून तो देवळीत चार्जिंगला लावून ठेवा, आईनं त्याला हात लावायचं काम नाही. टॅब त्याच्या हॉटस्पॉटला जोडा आणि माहूरची_लेक यांनी सांगितलं तसं क्यूआरनं लिंक करा. सिम खात्याच्या फोनातच, म्हणजे तो आदेशही पाळला जातोय. नेटचा प्रश्न सुटला, चुलतभावाला रात्री उठवायला नको. उद्या टॅबलाही दर सहा तासांचा नियम लागला तरी फोन घरातच आहे, परत स्कॅन करायचा. आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये सहा आकडी पिनवालं टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, पिन तुमच्या वहीत लिहून ठेवा.

रिचार्ज संपू देऊ नका. आणि नुसतं ठेवून दिलं तर १२० दिवस न वापरलेलं खातं व्हॉट्सॲप काढून टाकतंय, तेवढं लक्षात ठेवा.

कोडवाला_नांदेड
हे बरंय. पण कॉल वाजण्याचं मी म्हणालो ते राहिलंच.

औसा_रोड
माझाच जुना फोन आहे, कोपऱ्यातून काच तडकलीय, चालतोय. सिम आणलं, आज गावाकडं येऊन सगळं बसवलं. जोडलं गेलं! भावाला फोन लावला, आईनं टॅब ओट्यावर डब्याला टेकून ठेवला आणि लेकराची बोटं मोजली, मोठ्यानं. पण तिकडून त्यानं लावला तर इथं वाजला नाही. पडदा बंद होता. पडदा उघडून लावला तर वाजतो.

रिपेरिंगवाला_उदगीर
सेटिंग्ज, बॅटरी, तिथं स्मार्ट सस्पेंड आहे. ते टॅब पडून राहिला की वायफाय तोडतं, बॅटरी वाचवायला. ऑटोमॅटिक स्मार्ट सस्पेंड बंद करा. मग टॅब रोज चार्ज करावा लागंल, पण वाजंल. फोनच्या हॉटस्पॉटमध्येही "कुणी जोडलेलं नसेल तर आपोआप बंद" असं एक बटन असतं, तेही बंद करा, नाहीतर फोनच नेट तोडंल.

कोडवाला_नांदेड
एवढं करूनही नाही वाजला तर माझ्या चार फाइली टाका. तुमचं फायर ओएस कितवं आहे ते सांगा, क्रमानं कुठल्या आवृत्त्या ते मी लिहून देतो.

औसा_रोड
वाजतोय. भावाला अर्ध्या रात्री उठवून तपासलं. आवाज पूर्ण वाढवलाय, आई परसात असली तरी ऐकू जातो. रविवारी गावात लाईट किती वाजता जाती ते सरपंचाला विचारलंय, फोन आणि टॅब दोन्ही दुपारीच भरून ठेवायला सांगितलंय तिला. रिपेरिंगवाले दादा, माहूरची ताई, तुळजापूरवाले, सगळ्यांचे मनापासून आभार. कोडवाला भाऊ, फाइली लागल्या नाहीत, तरी लिहून देतो म्हणालात, लक्षात राहील.

निवृत्त_गुरुजी
बाळास अनेक आशीर्वाद. नाव काय ठरले?

औसा_रोड
गुरुजी, ते रविवारीच. आत्यानं कानात सांगायच्या आधी कसं सांगू?

सेलूचा_प्रवासी
धागा वाचला, कामाचा आहे. माझ्या सासऱ्यांकडंही असाच टॅब आलाय दुबईहून. व्हॉट्सॲप झालं, पण पडदा उघडायच्या आधी दरवेळी जाहिरात दिसती, ती काढता येती का?

कोडवाला_नांदेड
हो. ज्या ॲमेझॉन खात्यावर टॅब नोंदवलाय, त्या खात्यात पैसे भरून ती कायमची बंद करता येती. खातं कुणाचं आहे, सासऱ्यांचं का धाडणाऱ्याचं?