म्हणे, जंगलं क्लबांनी राखली!

माळवी वाटाड्या: "गिर्यारोहण क्लब नसते तर डोंगर उरलेच नसते," असं कालच्या पोस्टमध्ये ठोकून दिलंय. अमेरिकेतला सिएरा क्लब 1892 चा, पण डोंगर लोकांसाठी सुगम करणं हे 1951 पर्यंत त्यांच्या उद्दिष्टांतच होतं. 1901 पासून त्यांच्या 'हाय ट्रिप' निघायच्या: शंभरावर माणसं, मागे खेचरांचा तांडा, मुक्काम हिरव्या कुरणात. कुरणांची वाट लागली तेव्हा कुठे नियम सुचले. आपल्या नंदादेवी शिखराचं तेच. 1974 ला मोहिमांना खुली, दशक सरायच्या आत कचरा आणि जळणतोडीपायी बंद.

छत्रीबागकर: अर्धवट सांगू नका. कॅलिफोर्नियातलं हेच हेची खोरं 1913 ला धरणापायी हातचं गेलं, पण तो मार खाल्लेल्या क्लबनेच इतरांना जोडीला घेऊन 1956 ला कोलोरॅडोतल्या इको पार्कचं धरण रद्द करायला लावलं. ऑस्ट्रियात 1918 ला ग्रोसग्लॉकनर शिखराभोवतीची जमीन अल्पाइन क्लबला मिळाली, अट एकच: निसर्ग आहे तसा राखायचा. आज तिथे होहे टाउर्न राष्ट्रीय उद्यान आहे.

माळवी वाटाड्या: आणि इको पार्कच्या बदल्यात ग्लेन कॅन्यनची दरी धरणाखाली बुडाली, ते बरं गाळलंत!

चोरल लोकल: भिया, ऑस्ट्रिया सोडा, आपला इंदूरजवळचा जानापाव डोंगर बघा. पावसाळी रविवारी मोठाल्या तुकड्या नागमोडी वाट सोडून सरळ खाली उतरतात. त्याचीच चर होते, पाणी तिथूनच धावतं, मग गुडघाभर घळ. पाणी वाटेबाहेर वळवायला कुणी दगड मांडलेच तर तेही वाहून जातात.

मुरूम-माती: जाणारच! वाटेला काटकोनात मांडले की मागे गाळ साचतो आणि पाणी वरून उडी मारतं. दगडांची पाळ वाटेला 30 ते 45 अंश तिरकी हवी, दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत. खालचं टोक वाटेबाहेर फूटभर काढा, नाहीतर पाणी वळसा घालून परत वाटेवरच येतं. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडून दगड सैल होतात, म्हणून खाली मुरूम ठोकून घ्यायचा. शॉर्टकटच्या दोन्ही तोंडांना काटेरी फांद्या टाका, पाटी कोण वाचतंय?

छत्रीबागकर: विषय इतिहासाचा होता, पीडब्ल्यूडीचा नाही.

मुरूम-माती: वा! धरणाविरुद्ध पत्रं लिहायला क्लब, आणि भर जुलैत पाळीच्या तोंडातला गाळ उपसायला वनखात्याचा चौकीदार?

माळवी वाटाड्या: बरं, 1956 तुमचं. जानापावच्या घळीचंही श्रेय घेऊन टाका.