मदत हवी आहे : वसमतची हळद परदेशात पाठवायची आहे, नोंदणी कोणत्या गटात करावी?

राम राम मंडळी. आमची शेतकरी कंपनी वसमत तालुक्यातली (जि. हिंगोली). आयईसी कोड (आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी नंबर) काढला, त्याला ५०० रुपये फी लागली, ते सोपं होतं. आता दुबईचा एक व्यापारी पॉलिश केलेली हळकुंडं मागतोय. हळद मसाल्यात येते, त्यामुळे स्पाइसेस बोर्डाची (केंद्राचं मसाला मंडळ) निर्यातदार नोंदणी लागणारच, एवढं कळलं.

अडचण पुढं आहे. हळद सभासदांची, शिजवून वाळवून ते आणतात. पॉलिश मात्र दुसऱ्याच्या मशीनवर, भाड्यानं. मग नोंदणी 'उत्पादक निर्यातदार' म्हणून करायची का 'व्यापारी निर्यातदार' म्हणून? एजंट लोक दोन तोंडांनी बोलतात, अन् फी आधी मागतात.

दुसरं, न्हावा शेवा बंदराला माल पाठवण्याआधी बँकेचा एडी कोड (परकीय चलनाच्या व्यवहारासाठीचा बँकेचा कोड) आइसगेटवर, म्हणजे कस्टमच्या वेबसाइटवर, चढवावा लागतो म्हणे. आमच्या बँक शाखेत या कोडचं पत्र कुणी काढलेलंच नाही. पत्रात नेमकं काय असतं?

फायटोसॅनिटरी दाखला (मालाला कीड-रोग नाही असा सरकारी दाखला) मराठवाड्यातून कुणी काढलाय का? अर्जाला किती आधी लागावं? ज्यांनी स्वतः कंटेनर पाठवलाय त्यांनीच सांगा, ऐकीव नको. पैसे आगाऊ घ्यावेत का एलसीवर (खरेदीदाराच्या बँकेच्या हमीपत्रावर), तेही लिहा.